उत्तर किनारा दर्शन : माणसं एकतीस

रत्नागिरीचा समुद्र झाशीपासून फार लांब आहे ही त्या समुद्राची चूक, माझी नव्हे. एवढं एकदा मान्य केलंत, की पुढच्या साऱ्या प्रकरणात माझा दोष तुम्हाला कुठेच सापडणार नाही.

झालं असं की नवरात्र संपल्यावर एका सकाळी आमच्या सौभाग्यवती, शारदाबाई, शेपू निवडता निवडता म्हणाल्या, "यंदाचा पास रत्नागिरीचा काढा. मला समुद्र बघायचाय."

रिटायर झालेल्या रेल्वेवाल्याला फुकट प्रवासाचा पास मिळतो. आमचा पास दर वर्षी काही ना काही कारणाने फुकटच जातो. कधी माझा गुडघा, कधी कुणाचं लग्न, आणि दोन्ही नसलं तर मी एखादं सुतक शोधून काढतो. समुद्राला जायचं नाव निघालं की मी विषय बदलतो. का, ते तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्या प्रेमनगर वस्तीत कुणाजवळ बोलू नका.

मी समुद्र कधी पाहिलेलाच नाही.

आता यात लाजण्यासारखं काही नाही, असं तुम्ही म्हणाल. झाशीतल्या निम्म्या माणसांनी पाहिलेला नाही. पण झाशीतल्या निम्म्या माणसांनी गेली चाळीस वर्षं समुद्राच्या गोष्टी सांगितलेल्या नाहीत. मी सांगितल्या आहेत. मी रेल्वेत गार्ड होतो. (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. रेल्वेवाले मी रिटायर होईपर्यंत थांबले आणि मग नाव बदललं.) अडतीस वर्षं माझी ड्यूटी कधी बीनाकडे, कधी कानपूरकडे, कधी माणिकपूरकडे. या तिन्ही दिशांना समुद्र नाही हे शाळेतल्या नकाशातही दिसतं, पण माझ्या श्रोत्यांनी नकाशा कधी काढला नाही. रत्नागिरीजवळ रुळावर देवमासा येऊन पडला आणि मी लाल झेंडी दाखवून त्याला परत पाण्यात पाठवला, ही गोष्ट आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी बावीस वेळा सांगितली आहे. देवमासा दर तीन-चार वर्षांनी एक डबा लांब होत गेला. मागच्या वर्षी तो सात डब्यांचा होता.

अशा माणसाने बायकोला घेऊन खऱ्या समुद्रापुढे उभं राहायचं म्हणजे काय? ती विचारणार, भरती कधी येते. मी इथे सांगून ठेवलंय की चार दहाला येते आणि पाच पस्तीसला सुटते.

म्हणून मी म्हटलं, "समुद्रासाठी इतक्या लांब कशाला? मऊरानीपूरच्या पुढे पिपरौलचं धरण आहे. त्याचा उत्तर किनारा म्हणजे थेट समुद्र. काळे कडे, फुटणाऱ्या लाटा, पलीकडचा काठ दिसत नाही. मी स्वतः तुला एका दिवसात सगळं दाखवून, समजावून आणतो."

शारदाबाईंनी शेपूची एक काडी मोडली आणि म्हणाल्या, "दाखवा. समुद्र वाटला तर पुन्हा रत्नागिरीचं नाव काढणार नाही. नाही वाटला तर दुसऱ्या दिवशी आभा मोबाईलवर पासाचा अर्ज भरेल." आभा म्हणजे आमची नात. ती शेजारीच होती. ती म्हणाली, "आजी, डन."

आमची आणि दिवाकररावांची गच्ची एका भिंतीची आहे, आणि त्या भिंतीला कान नसून दिवाकररावच आहेत. संध्याकाळपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं. दिवाकरराव झाशीच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या सुभेदारांबरोबर आले. आमच्यासारखे रेल्वेबरोबर आलेले म्हणजे त्यांच्या मते परवाचे पाहुणे. ते म्हणाले, "गजाननराव, समुद्र दाखवताय तर मंडळालाही दाखवा. आम्हालाही कळू दे, तुमचा देवमासा कुठे वळला तो." या वाक्यात आदर कमी होता, पण त्यांच्यामागे मंडळाचे सत्तावीस सभासद होते, आणि त्या सगळ्यांना रविवार मोकळा होता.

मग सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, समुद्रावर जाताना आलं चघळावं. दुसऱ्याने सांगितलं, आल्याने उलटी वाढते, लिंबू हुंगावं. छावणीतून एक निवृत्त सुभेदार मेजर खास सायकलवरून आले आणि किनाऱ्यावर उतरताना आधी डावा पाय टाकावा एवढंच सांगून परत गेले. आभाने मोबाईलवर पत्रक बनवलं. 'उत्तर किनारा दर्शन. मार्गदर्शक : आजोबा.' खाली जे चित्र टाकलं होतं त्यात बर्फ आणि एक पेंग्विन होता. मी म्हटलं, हा काढ. ती म्हणाली, "आजोबा, रहने दीजिए ना, क्यूट आहे." तो राहिला, आणि मंडळात तीन जणींनी लोकरीचे स्वेटर बाहेर काढले.

परवानगीचं वेगळंच. धरणाच्या कार्यालयात मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा बाबूजी म्हणाले, दक्षिण किनारा आमच्याकडे, उत्तर किनारा जंगलवाल्यांकडे. जंगलवाले म्हणाले, कडे आमचे, पण कड्यांवरून जे दिसतं ते पाणी धरणाचं, तेव्हा बघण्याची परवानगी तिकडून आणा. मी परत आलो. बाबूजींनी चष्मा पुसला आणि विचारलं, पाणी नुसतं बघणार की हातही लावणार? मी म्हटलं, बायको चाखून बघण्याचा संभव आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. शेवटी जो कागद मिळाला त्यावर लिहिलं होतं : तट दर्शन, व्यक्ती एकतीस, एकतीस आत, एकतीस बाहेर. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा. मी नाही ठेवला.

रविवारी सकाळी सहाला बस आली. मी माझा जुना काळा कोट घातला होता. एका खिशात शिट्टी, बगलेत हिरवी आणि लाल झेंडी. ड्रायव्हर भैयाला मी बाजूला घेऊन नियम समजावला. माझी शिट्टी आणि हिरवी झेंडी झाल्याशिवाय चाक हलवायचं नाही, आणि झाल्यावर एक क्षण थांबायचं नाही. तो म्हणाला, "जी गार्डसाहब." असा आज्ञाधारक माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्या आज्ञाधारकपणानेच पुढे माझा घात केला.

दहाच्या सुमाराला धरणाच्या फाटकाशी पोहोचलो. तिथल्या चौकीदाराने कागद वाचला, बसमध्ये चढून बोटाने एकेक डोकं मोजलं, दिवाकररावांचं दोनदा मोजून एकदा वजा केलं, आणि आडवा बांबू वर केला.

पहिलं ठिकाण मी 'हत्तीची सोंड' म्हणून जाहीर केलं. काळा कडा पाण्यात उतरला होता, खरंच सुंदर. मी सांगितलं की लाटांनी हजारो वर्षं घासून घासून ही सोंड केली आहे. त्याच वेळी सोंडेमागून सात म्हशी पाण्यातून बाहेर आल्या आणि आमच्यामधून शिस्तीत निघून गेल्या. दिवाकरराव म्हणाले, "हे देवमाशाचे नातेवाईक का?" मी दुर्लक्ष केलं. शारदाबाईंनी खाली उतरून ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, आणि म्हणाल्या, "खारट नाही." मी म्हटलं, उत्तर किनाऱ्याचं पाणी गोडच असतं. स्वेटर घातलेल्या तिघी घाम पुसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "आणि गरम."

दुसऱ्या ठिकाणी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी झाली. त्याला मी काही नाव दिलं नाही, कारण तोंड भरलेलं होतं.

दोन्ही ठिकाणांहून निघताना आभा दारात उभी राहून हाक मारायची, "आजोबा, चला ना," म्हणून मी आधी चढायचो आणि मग खिडकीतून शिट्टी मारायचो. हे माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. गार्ड खाली उभा असतो, झेंडी दाखवतो, गाडी हलते, आणि मागचा डबा समोर आला की तो सावकाश चढतो. अडतीस वर्षांत मी हलत्या गाडीतच चढलो. थांबलेल्या गाडीत चढणं हे पॅसेंजरांचं काम.

तिसरं ठिकाण मात्र जमलं. कडा उंच होता, वारा सुटला होता, समोर धुरकट झालं होतं आणि पलीकडचा काठ खरोखर दिसेनासा झाला होता. लाटा, म्हणजे लाटाच, खडकावर फुटत होत्या. दिवाकररावांची टोपी उडाली. शारदाबाई कड्यावर डोक्यावरचा पदर धरून उभ्या राहिल्या आणि पाण्याकडे बघत राहिल्या. मी जवळ जाऊन विचारलं, "काय?" त्या म्हणाल्या, "विचार करतेय." पन्नास वर्षांच्या संसारात मी त्यांना एवढं गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. मी जिंकत आलो होतो. रत्नागिरी वाचली, देवमासा वाचला, भरतीचं टाइमटेबल वाचलं.

त्या आनंदात माझं डोकं रेल्वेत गेलं.

सगळे बसमध्ये चढले. आभा जेवणानंतर कानात गाण्यांचं यंत्र घालून झोपली होती. मी बसच्या मागे गेलो, मागचा दिवा तपासला, दरीकडे एक नजर टाकली, शिट्टी मारली आणि हिरवी झेंडी उंच धरली. ड्रायव्हरने ती आरशात पाहिली आणि एक क्षण थांबला नाही. बस हलली. मी शांतपणे मागच्या डब्याची वाट पाहत उभा राहिलो.

बसला मागचा डबा नसतो. बसला दारही पुढेच असतं. हे माझ्या ध्यानात येईपर्यंत बस वळणाआड गेली होती. मी लाल झेंडी दाखवली. ती एका बकरीने पाहिली.

मोबाईल बसमध्ये, पिशवी बसमध्ये, पाण्याची बाटलीही बसमध्ये. मार्गदर्शक तेवढा किनाऱ्यावर. तिथे धरणाची एक खाडी आत घुसली आहे. फाटक अगदी समोर, पाण्यावरून पाव मैल, पण रस्त्याने सात किलोमीटर वळसा. माझा गुडघा, जो आजवर खोटं दुखायचा, तो खरोखर दुखायला लागला.

खाली खाडीत एक माणूस शिंगाडे तोडत होता. ट्रकच्या दोन फुगवलेल्या ट्यूब, त्यांवर बांधलेली फळी, हातात बांबू. माझी शिट्टी ऐकून तो काठाला आला. नाव सांगितलं, हल्के रैकवार. मी माझी अवस्था सांगितली. तो हसला नाही, हे मी त्याचे उपकार मानतो. म्हणाला, "बैठो दद्दा, उतार देत."

मी शिंगाड्यांच्या पोत्यावर बसलो. काठावरून पाणी हातभर खोल वाटत होतं. मधे आल्यावर बांबू तळाला लागेना. वारा आमच्या पाठीमागून फाटकाकडे वाहत होता, फळी डुलत होती, आणि माझ्या पोटातल्या पुऱ्या वर येण्याची परवानगी मागत होत्या.

हल्केने गप्पांचा विषय म्हणून विचारलं, "काय दद्दा, कभऊं समुंदर देखो?"

सवय वाईट. मी म्हटलं, "देखा? अरे, मी त्यात दोन मैल पोहलोय."

त्याच क्षणी माझ्या बाजूच्या ट्यूबखालून बुडबुडे आले. बुड, बुड, बुड. फळी माझ्या बाजूला चार बोटं खाली बसली.

हल्केने बांबू थांबवला. पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "दद्दा, पानी पे झूठ नईं बोलो जात. ट्यूब बैठ जात है."

मी सुशिक्षित माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. जमिनीवर तर अजिबात नाही. पण फळी अजून एक बोट खाली गेली, कोटाची शेपटी भिजली, आणि मी म्हटलं, "दोन मैल नाही. मला पोहता येत नाही."

बुडबुडे थांबले.

थांबले, आणि पुन्हा सुरू झाले. हल्के म्हणाला, "कछू और बचो हुइए." म्हणजे अजून काही खोटं उरलं असणार.

मग मी हातचं राखलं नाही. वाऱ्याला आणि पाण्याला नीट ऐकू जावं म्हणून गाडीच्या शेवटच्या डब्यातून इंजिनापर्यंत पोचेल अशा आवाजात मी एकेक खोटं परत घेतलं. रत्नागिरीला मी गेलेलो नाही. समुद्र पाहिलेला नाही. देवमासा नव्हता, सात डब्यांचा नव्हता, एका डब्याचाही नव्हता. भरतीचं टाइमटेबल मी घरी बसून बनवलं. फळी जरा वर आली. मला हुरूप आला. दिवाकररावांच्या गच्चीवरच्या कुंडीतले पेरू दोन वर्षं माकडं नेत नव्हती, मी नेत होतो, आणि त्यांनी माकडं हाकायला माणूस ठेवला तेव्हा त्यालाही मी दोन पेरू दिले. बुडबुडे कमी झाले. आता शेवटचं, म्हणून मी ओरडलो की मला शेपूची भाजी आवडत नाही, पन्नास वर्षं मी ती मागच्या दारी गाईला घालतोय, आणि गाईलाही आवडत नाही.

पाणी आरशासारखं शांत झालं. हल्के म्हणाला, "अब ठीक है," आणि बांबू टेकवला. तळ लागला होता.

मी मान वर केली. फाटकाखालच्या काठावर, सावलीत, नाटकाला बसावेत तसे तीस जण बसले होते.

त्याचं कारण चौकीदार. त्याने फाटकाशी डोकी मोजली, तीस भरली, आणि बांबू वर करायला नकार दिला. "कागज में इकतीस हैं." त्याला सगळ्यांनी समजावलं, की एक माणूस कमी झाला तर धरणाचं काही बिघडत नाही. तो ऐकेना. मग आभा जागी झाली आणि आजोबा कुठे म्हणून रडायला लागली, तेव्हा शारदाबाई शांतपणे म्हणाल्या की त्यांनी मला मागे झेंडी घेऊन उभं असलेलं पाहिलं होतं. सगळे म्हणाले, मग बोलल्या का नाहीत? त्या म्हणाल्या, "मला वाटलं, गाडी सुटल्यावर चढतील. जन्मभर तेच करत आलेत."

मी काठावर उतरलो. डावा पाय आधी टाकला, तरी चिखलात घोट्यापर्यंत गेला. दिवाकरराव उठले, माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गजाननराव, हनुमानाला मी दोन वर्षं दर शनिवारी नारळ फोडतोय, माकडं आवर म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. त्याने ऐकलं म्हणायचं."

मी शारदाबाईंकडे बघायचं टाळलं. मग टाळता येईना. त्या म्हणाल्या, "पासांची पुस्तकं माझ्या ट्रंकेत असतात. रत्नागिरीचा एकही पास फाटलेला नाही. मला काय हे आज कळतंय?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"म्हटलं, कधीतरी तुम्हीच कंटाळाल." मग म्हणाल्या, "शेपूचं मात्र माहीत नव्हतं."

मी चोरट्यासारखं विचारलं, की तो तिसरा कडा, तो समुद्र वाटला की नाही. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, ज्यातून त्यांचा नवरा ट्रकच्या ट्यूबवर बसून आला होता, आणि म्हणाल्या, "वाटत आला होता. पण त्यात तुम्ही खरं बोललात. समुद्राच्या बाबतीत तुम्ही कधी खरं बोलत नाही. हा समुद्र नव्हे." आणि आभाला म्हणाल्या, "अर्ज भर."

चौकीदाराने माझं डोकं मोजलं आणि बांबू वर केला. या वेळी मला सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढवण्यात आलं.

निघताना हल्के पोतंभर शिंगाडे घेऊन आला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, त्या ट्यूबचं पंक्चर काढून घे बाबा, कुणाचा तरी जीव जाईल. तो म्हणाला, ट्यूब तर कालच नवी टाकली आहे, बुडबुडे तळाच्या चिखलातून येतात, रोज येतात. मी म्हटलं, मग फळी का खाली गेली? तो म्हणाला, दद्दा, तुम्ही घाबरून एका कडेला सरकलात म्हणून.

कार्तिकात आम्ही रत्नागिरीला जाऊन आलो. झाशी स्टेशनवर शिट्टी झाली तेव्हा माझे पाय फलाटावरच थांबले होते, पण शारदाबाईंनी माझ्या कोटाची बाही आधीच मनगटाला गुंडाळून ठेवली होती. समुद्र पाहिला. पूर्ण पाहिला, दोन दिवस. काय दिसलं ते मी परत आल्यावर मंडळात सांगितलं. अगदी जसं होतं तसं, एक थेंब वाढवला नाही. पाणी किती, रंग कसा, भरती खरोखर कधी येते, ओल्या वाळूवर माझं पाऊल कसं उमटलं आणि कसं पुसलं गेलं.

सगळे पोट धरून हसले. कुणी म्हणालं, देवमाशाची गोष्ट बरी होती, हिच्यात दम नाही. मी शपथा घेतल्या. आभाने काढलेले फोटो दाखवले, तर म्हणाले, पेंग्विनही आभानेच काढला होता.

शेवटी दुसऱ्या दिवशी दिवाकरराव गच्चीच्या भिंतीवरून वाकले. आमच्या बाजूला शारदाबाई तांदूळ निवडत होत्या. दिवाकररावांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही तरी खरं सांगा. हे रत्नागिरीला गेले होते का?"

शारदाबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला. म्हणाल्या, "मी गेले होते. हे गाडीत चढले की नाही, ते काही मी पाहिलं नाही."